श्वेत बटूंच्या अंतरंगाचा ठाव

लघुसिंह हा तारकासमूह आपल्याकडे फारसा कुणी ओळखत नाही. सप्तर्षी आणि सिंह यांच्या मधल्या, रिकाम्या वाटणाऱ्या पट्ट्यात तो आहे. त्यात नुसत्या डोळ्यांना मुळीच न दिसणारा एक तारा आहे, यादीतले त्याचे नाव जी११७-बी१५ए. हा तारा दर २१५.२ सेकंदांनी किंचित उजळतो आणि पुन्हा मंदावतो. १९७४ पासून खगोलशास्त्रज्ञ त्याच्यावर दुर्बिणी रोखून आहेत. पुढच्या ४५ वर्षांत त्याने असे सुमारे ६६ लाख फेरे पूर्ण केले, आणि एवढ्या फेऱ्यांनंतर त्याची उजळण्याची वेळ मूळ हिशेबापेक्षा साधारण २४ सेकंदांनी मागे पडली.

या २४ सेकंदांमागे ताऱ्याचा गाभा आहे. तो कशाचा बनला आहे आणि किती वेगाने निवतो आहे, यावर ही दिरंगाई ठरते. पृष्ठभागाच्या लुकलुकण्यावरून पोटातला ऐवज ओळखायचा ही विद्या श्वेत बटूंच्या बाबतीत गेली पन्नासहून अधिक वर्षे चालली आहे. तिच्यात खात्रीचे काय हाती लागले आणि वादात काय उरले, ते इथे मांडायचे आहे. माझे मत आधीच सांगतो. या ताऱ्यांचे वस्तुमान, त्यांचे स्वतःभोवती फिरणे आणि त्यांचे निवणे यांबद्दल कंपनांनी दिलेली उत्तरे भक्कम आहेत. गाभ्यात ऑक्सिजन किती टक्के, गाभा किती गोठलेला, या प्रश्नांची उत्तरे मात्र छापली जातात तेवढी पक्की नाहीत, आणि याचे कारण निरीक्षकांच्या हलगर्जीपणात नसून ताऱ्याच्या रचनेतच आहे.

श्वेत बटू म्हणजे आयुष्य संपलेला तारा. सूर्यासारख्या ताऱ्याच्या पोटातला हायड्रोजन संपतो, मग हेलियम जळून कार्बन आणि ऑक्सिजन बनतात, बाहेरची आवरणे अवकाशात उधळली जातात आणि मागे उरतो तो उघडा पडलेला गाभा. सगळ्या ताऱ्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक ताऱ्यांची अखेर हीच. आपल्या सर्वांत जवळचा श्वेत बटू व्याधाच्या सोबतीला आहे. व्याधाच्या वाटचालीतली डुगडुग पाहून बेसेलने १८४४ मध्ये त्याला अदृश्य जोडीदार असल्याचे सांगितले, १८६२ मध्ये अल्व्हन ग्रॅहम क्लार्कला तो दुर्बिणीतून दिसला आणि १९१५ मध्ये वॉल्टर अॅडम्सने त्याचा वर्णपट घेतला तेव्हा कोडे पडले. वस्तुमान सूर्याएवढे आणि आकार जेमतेम पृथ्वीएवढा! चमचाभर द्रव्याचे वजन काही टन. एवढ्या दाबाखाली तारा कोसळत कसा नाही, याचे उत्तर राल्फ फाउलरने १९२६ मध्ये पुंजवादातून दिले. दाटीवाटीत कोंडलेले इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, त्यामुळे ते एकमेकांना आणखी जवळ येऊ देत नाहीत, आणि हाच प्रतिकार ताऱ्याला तोलून धरतो. १९३०च्या जुलैअखेरीस मुंबईहून बोटीने इंग्लंडला शिकायला निघालेल्या १९ वर्षांच्या चंद्रशेखर यांनी प्रवासातच या सिद्धांतात सापेक्षतावाद घातला, आणि या प्रतिकारालाही मर्यादा आहे असे त्यांच्या लक्षात आले. सूर्याच्या सुमारे १.४ पटींपुढे श्वेत बटू टिकू शकत नाही.

हा तारा नवी ऊर्जा जवळजवळ तयार करत नाही. चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखा तो नुसता निवत जातो. लिऑन मेस्टेलने १९५२ मध्ये या निवण्याचे गणित मांडले, आणि त्यातून एक मोठी सोय झाली. सर्वांत थंड श्वेत बटू किती थंड आहेत हे पाहिले की आपल्या आकाशगंगेचा आसपासचा भाग किती जुना ते सांगता येते. १९८७ मध्ये डॉन विंगेट आणि सहकाऱ्यांनी असा हिशेब करून ९.३ अब्ज वर्षे हे उत्तर काढले. पण भांडे किती वेळात निवेल हे त्यात काय भरले आहे आणि वर झाकण किती जाड आहे यावर अवलंबून असते. कार्बन किती, ऑक्सिजन किती, वर हेलियमची आणि हायड्रोजनची दुलई किती जाड, हे कळल्याशिवाय त्या वयावर फार भार टाकता येत नाही.

आणि नेमके हेच वरून दिसत नाही. श्वेत बटूच्या पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या लाखपट असते. त्यामुळे जड मूलद्रव्ये तळाला बसतात आणि हलकी वर तरंगतात. बहुतेक श्वेत बटूंच्या वर्णपटात शुद्ध हायड्रोजन दिसतो, काहींच्या वर्णपटात शुद्ध हेलियम. हायड्रोजनचा हा थर जाडात जाड असला तरी ताऱ्याच्या वस्तुमानाच्या दहा हजारांश भागाएवढाच असतो. साय पाहून भांड्यात दूध किती आणि तळाशी काय लागले आहे ते सांगता येत नाही, तशी वर्णपटाची गत होते. आत शिरण्याचा मार्ग एकच उरतो: तारा कंप पावत असेल तर त्याची कंपने ऐकणे.

तो मार्ग उघडला तो योगायोगाने. अमेरिकेतले आर्लो लँडोल्ट वृषभ राशीतल्या एचएल टॉरी ७६ या श्वेत बटूची तेजस्विता मोजत होते. मोजमापांत सुमारे साडेबारा मिनिटांचा चढउतार दिसला, आणि १९६८ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. पुढच्या काही वर्षांत आणखी असे तारे सापडले. तिमिंगल समूहातला आर ५४८ त्यांतलाच. त्याच्या झेडझेड सेटी या दुसऱ्या नावावरून आज सगळी जातच ओळखली जाते. पण आवर्तकाल बुचकळ्यात टाकणारे होते. एवढा घट्ट तारा फुग्यासारखा फुगत-आकसत असेल तर त्याला एका फेऱ्याला काही सेकंदच लागायला हवेत. इथे शेकडो सेकंद लागत होते.

१९७२ मध्ये ब्रायन वॉर्नर आणि एडवर्ड रॉबिन्सन यांनी, आणि स्वतंत्रपणे श्रीलंकेत जन्मलेल्या गणेशर चन्मुगम यांनी, उत्तर सुचवले: तारा फुगत नाही, त्याच्यातले द्रव्य आडवे हेलकावते. विहिरीत बुडवलेली रिकामी घागर हातातून सुटली की उसळून वर येते. तसे ताऱ्यातल्या एखाद्या थरातले द्रव्य जागचे हलले की तरंगण्याचा जोर त्याला मूळ जागी ओढतो, ते पलीकडे जाते, पुन्हा ओढले जाते. या लहरींना गुरुत्व-लहरी म्हणतात. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो प्रकल्पामुळे आपल्याकडे आता गुरुत्वीय लहरी सर्वांच्या कानावर आहेत. त्यांचा आणि यांचा संबंध नाही. त्या अवकाश-काळाच्या लहरी, या ताऱ्यातल्या द्रव्याच्या, आपल्या समुद्राच्या लाटांच्या नात्यातल्या. १९८२ मध्ये रॉबिन्सन, एस. ओ. केप्लर आणि एडवर्ड नॅदर यांनी दाखवून दिले की उजळणे-मंदावणे जवळजवळ सगळे तापमानाच्या चढउतारामुळे होते. त्रिज्या नगण्य बदलते. कोणत्याही क्षणी ताऱ्याच्या चेहऱ्याचा काही भाग थोडा तापलेला असतो आणि काही थोडा निवलेला.

श्वेत बटू कुठेही, केव्हाही कंप पावत नाहीत. निवता निवता ते ठरावीक तापमानांतून जातात तेव्हाच थरथरतात. हायड्रोजनचे आवरण असलेले सुमारे १२,५०० ते १०,५०० केल्विन या दरम्यान, हेलियमचे ३२,००० ते २२,००० या दरम्यान, आणि नुकतेच जन्मलेले, कार्बन-ऑक्सिजन उघडे पडलेले तारे ७५,००० केल्विनच्या वर. हेलियमवाल्यांची गोष्ट मला विशेष आवडते. विंगेट आणि सहकाऱ्यांनी आधी गणिताने सांगितले की असे तारे असायला हवेत, मग शौरी समूहातल्या जीडी ३५८ कडे दुर्बीण वळवली आणि तो खरोखर लुकलुकत होता. तो शोध १९८२चा. चल ताऱ्यांची एखादी जात आधी कागदावर आणि मग आकाशात सापडण्याची ही पहिलीच वेळ होती. या तापमानांत पृष्ठभागाखालचे मूलद्रव्य अर्धवट आयनीभूत होते, तिथे उकळत्या पाण्यासारखी खळबळ माजते, आणि तो खळबळणारा थर खालून येणारी उष्णता अडवून-सोडून कंपनांना झोका देत राहतो. अँथनी ब्रिकहिल यांनी १९९० च्या सुमारास मांडलेले हे स्पष्टीकरण पुढे पीटर गोल्डराइख आणि यान्किन वू यांनी पक्के केले. या मर्यादेतल्या ताऱ्यांत आणि बाहेरच्या ताऱ्यांत दुसरा काही फरक दिसत नाही, म्हणून कंप पावणाऱ्यांबद्दल जे कळते ते बाकीच्यांनाही लावता येते. हे या विद्येचे फार मोठे बळ आहे.

आता प्रत्यक्ष रीत. एका ताऱ्यात एकाच वेळी अनेक आवर्तकालांची कंपने चालू असतात आणि सगळी एकमेकांत मिसळून आपल्याकडे येतात. ती वेगळी केली की तीन गोष्टी वाचता येतात.

लागोपाठच्या दोन कंपनांच्या आवर्तकालांत साधारण सारखे अंतर असते. ते अंतर मुख्यतः ताऱ्याच्या वस्तुमानावर आणि तापमानावर ठरते. मग तारा स्वतःभोवती फिरत असेल तर एकेक कंपन फुटून त्याचे तीन किंवा पाच होतात, आणि त्या तुकड्यांतल्या फरकावरून फिरण्याचा वेग कळतो.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आणि सर्वांत मोलाची आहे. आवर्तकालांतली अंतरे तंतोतंत सारखी कधीच नसतात. ती कुठे थोडी आखडलेली आणि कुठे थोडी सैल असतात. इथे तबल्याची आठवण होते. नुसत्या ताणलेल्या चामड्यावर थाप मारली तर निघणारे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. तबल्याच्या पुडीवर मधोमध शाई चढवली की ते स्वर जागचे सरकतात आणि सुरेल होतात, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. कुठे किती भार चढला आहे त्याप्रमाणे प्रत्येक स्वर वेगवेगळा सरकतो. श्वेत बटूत ही शाई म्हणजे थरांच्या सीमा. हायड्रोजन संपून हेलियम सुरू होतो तिथे, हेलियम संपून कार्बन सुरू होतो तिथे, आणि गाभ्यात ऑक्सिजनचे प्रमाण एकदम बदलते तिथे घनता अचानक बदलते. काही लहरी या सीमांवर आपटून एखाद्या थरातच अडकतात, त्यांचे आवर्तकाल बाकीच्यांच्या रांगेतून हटतात, आणि त्या हटण्यावरून सीमा कुठे आहे ते काढता येते.

हे सगळे करायला आधी कंपने वेगळी करता आली पाहिजेत, आणि तिथेच पृथ्वी आडवी येते. एका वेधशाळेवरून रात्री साधारण आठ तास निरीक्षण होते. आठ तासांत जवळजवळच्या दोन कंप्रता वेगळ्या ओळखायच्या तर त्यांच्यात निदान ३५ मायक्रोहर्ट्झचा फरक हवा. ताऱ्याच्या फिरण्यामुळे फुटलेल्या तुकड्यांत फरक असतो जेमतेम चार-पाच मायक्रोहर्ट्झचा. बरे, रोज रात्री निरीक्षण करून जोडावे तर मध्ये दिवसाची खिंडारे पडतात, आणि त्या खिंडारांमुळे प्रत्येक खऱ्या कंपनाशेजारी ११.६ मायक्रोहर्ट्झवर खोट्या कंपनांची पिलावळ उभी राहते. खरे कोणते, खोटे कोणते, हे ओळखता ओळखता सत्तरच्या दशकातले निरीक्षक थकले.

टेक्सास विद्यापीठातल्या एडवर्ड नॅदर आणि डॉन विंगेट यांनी यावर उपाय काढला तो साधा आणि भव्य होता: सूर्य मावळतच नाही अशी दुर्बीण नसेल, तर जगभरच्या दुर्बिणींची साखळी करायची. एका देशात पहाट झाली की पश्चिमेकडच्या देशाने तोच तारा हाती घ्यायचा. त्यांनी या साखळीला ‘होल अर्थ टेलिस्कोप’ असे नाव दिले. पहिली मोहीम १९८८ मध्ये झाली. हवाई, टेक्सास, चिली, ब्राझील, कॅनरी बेटे, फ्रान्स, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणच्या वेधशाळा वेगवेगळ्या मोहिमांत त्यात येत गेल्या. ऑस्ट्रेलियात उजाडल्यावर आणि आफ्रिका-युरोपात अंधार पडण्याआधी जी पोकळी राहायची ती भारतच भरून काढू शकत होता. तमिळनाडूतल्या जवादी डोंगरातली कवलूरची वेधशाळा या साखळीतला दुवा झाली. इस्रोचे टी. एम. के. मरार, एस. सीता आणि बी. एन. अशोक या मोहिमांत होते आणि साखळीच्या सर्वांत गाजलेल्या शोधनिबंधावर त्यांची नावे आहेत. आपल्याकडे विज्ञानातल्या भारतीय सहभागाबद्दल बोलताना मोठ्या यंत्रांची आणि मोठ्या खर्चाची नावे निघतात. कवलूरला मध्यम आकाराच्या दुर्बिणीमागे बसून, दर दहा सेकंदांनी एक मोजमाप घेत काढलेल्या त्या रात्रींची नोंदही त्याच यादीत व्हायला हवी असे मला मनापासून वाटते.

त्या निबंधाचा विषय होता कन्या राशीतला पीजी ११५९-०३५, नुकताच श्वेत बटू होऊ घातलेला अतितप्त तारा. १९८९ च्या मार्चमध्ये त्याच्यावर २६४ तासांचे जवळजवळ अखंड निरीक्षण झाले. मोजमापे लगोलग टेक्सासमधल्या ऑस्टिनला पाठवली जात, तिथे बसलेले लोक रात्रीच्या रात्री विश्लेषण करून पुढच्या वेधशाळेला सूचना देत. १९९१ मध्ये निकाल छापला तेव्हा त्यात १२५ कंप्रता वेगळ्या झाल्या होत्या आणि त्यांपैकी १०१ नेमक्या कोणत्या कंपनप्रकाराच्या हे ओळखता आले होते. एका जातीच्या कंपनांच्या आवर्तकालांत २१.५ सेकंदांचे अंतर होते. त्यावरून वस्तुमान निघाले सूर्याच्या ०.५८६ पट, आणि त्यात संभाव्य चूक अर्ध्या टक्क्याची. फुटलेल्या कंपनांवरून फिरण्याचा काळ निघाला १.३८ दिवस. थरांच्या सीमांचे ठसेही स्पष्ट दिसत होते. सूर्य सोडला तर कोणत्याही ताऱ्याच्या आत इतके खोल त्याआधी कुणी पाहिलेले नव्हते. या निरीक्षणानंतर वर्षभराने, १९९० मध्ये, जीडी ३५८ ची पाळी आली आणि त्याचे वस्तुमान ०.६१ ठरले.

फिरण्याचा विषय इथेच संपवतो, कारण त्यात वाद कमी आहे. २००९ मध्ये स्टेफान शार्पिने आणि सहकाऱ्यांनी पीजी ११५९-०३५ची जुनी मोजमापे पुन्हा तपासून दाखवले की तो तारा पृष्ठभागापासून खोलवर एकाच वेगाने, ३३.६ तासांत एक फेरी घेत, घट्ट गोळ्यासारखा फिरतो. नंतर केप्लर अवकाशयानाच्या मोजमापांवरून जे. जे. हर्मिस यांच्या गटाने अनेक श्वेत बटूंचा फिरण्याचा काळ काढला. सर्वसाधारण वस्तुमानाच्या ताऱ्यांसाठी सरासरी ३५ तास आली. हे फार सावकाश आहे. मोठा तारा आकसून पृथ्वीएवढा होतो तेव्हा गिरकी घेणाऱ्या नर्तिकेने हात जवळ घ्यावेत तसा त्याचा वेग प्रचंड वाढायला हवा. तो वाढत नाही, म्हणजे गाभ्याने आपली गिरकी आधीच, तांबड्या राक्षसी अवस्थेत किंवा त्याआधी, बाहेरच्या थरांना देऊन टाकलेली असते. ती नेमकी कशी दिली जाते, हा ताऱ्यांच्या उत्क्रांतीतला आजचा एक मोठा प्रश्न आहे, आणि तो ठामपणे उभा केला तो कंपनांनी.

आता अवघड भागाकडे येतो. सूर्याच्या पृष्ठभागावर लाखो कंपने मोजता येतात, कारण सूर्याची तबकडी आपल्याला दिसते. उदयपूरची वेधशाळा सौरकंपने टिपणाऱ्या सहा केंद्रांच्या जागतिक साखळीत आहे, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे आणि एच. एम. अँटिया यांनी सूर्याच्या अंतरंगावर याच मार्गाने महत्त्वाचे काम केले. श्वेत बटू म्हणजे मात्र एक ठिपका. सूक्ष्म नक्षीची कंपने त्या ठिपक्यात एकमेकांना खोडून टाकतात, हाती लागतात ती ढोबळ नक्षीची. पीजी ११५९-०३५ सारखा श्रीमंत तारा विरळाच. झेडझेड सेटी जातीच्या पुष्कळ ताऱ्यांत पाच-दहा कंपनेच सापडतात. शिवाय ती टिकतीलच असे नाही. १९९६ च्या ऑगस्टमध्ये जीडी ३५८ मधले एक कंपन अचानक बळावले आणि बाकीची दिसेनाशी झाली. काही आठवड्यांत सगळे पुन्हा बदलले. केप्लर यानाला तर काही थंड झेडझेड सेटी तारे मधूनच काही तासांसाठी उसळताना दिसले. पाच-दहा आकड्यांवरून वस्तुमान, तापमान, दोन-तीन थरांची जाडी आणि गाभ्यातला ऑक्सिजन, एवढे सगळे काढायचे म्हणजे समीकरणे कमी आणि अज्ञात जास्त अशी अवस्था होते.

आणि यापेक्षाही खोल अडचण आहे. तंबोऱ्याच्या तारेवर एका टोकापासून ठरावीक अंतरावर एक छोटासा मणी बसवा. तारेचे स्वर जरा जरा सरकतील. आता तोच मणी दुसऱ्या टोकापासून तेवढ्याच अंतरावर बसवा. स्वर अगदी तसेच सरकतील. नुसते ऐकून मणी कोणत्या टोकाला आहे ते सांगता येणार नाही. २००३ मध्ये माइक माँटगोमेरी, ट्रॅव्हिस मेटकाफ आणि विंगेट यांनी दाखवले की श्वेत बटूही असाच फसवतो. गाभ्यातली एखादी सीमा आणि वरच्या आवरणातली एखादी सीमा आवर्तकालांवर जवळजवळ सारखाच ठसा उमटवू शकतात. म्हणजे गाभ्यातल्या ऑक्सिजनबद्दल आपण जे वाचतो ते खरे तर हेलियमच्या थराबद्दल असू शकते. या संपूर्ण क्षेत्रातला हा सर्वांत महत्त्वाचा इशारा आहे असे मी मानतो, आणि लोकप्रिय लेखनात तो जवळजवळ कधीच येत नाही.

ऑक्सिजनसाठी एवढी धडपड कशाला, तर त्यामागे अणुकेंद्रकाच्या भौतिकीतला एक जुना सल आहे. ताऱ्यात कार्बनचे केंद्रक एक हेलियम केंद्रक गिळून ऑक्सिजन होते. या प्रक्रियेचा वेग प्रयोगशाळेत नीट मोजता येत नाही, आणि विश्वात कार्बन-ऑक्सिजन किती प्रमाणात आहेत हे त्या वेगावर ठरते. श्वेत बटूचा गाभा म्हणजे त्या प्रक्रियेची उरलेली राख. मेटकाफ यांनी नॅदर यांच्या मदतीने ६४ साधे संगणक जोडून एक यंत्र उभे केले, नैसर्गिक निवडीसारखी चालणारी शोधपद्धत त्यावर चालवली, अगणित प्रतिमाने तपासली आणि २००१ मध्ये जीडी ३५८ च्या केंद्रात ८४ टक्के ऑक्सिजन असल्याचे सांगितले. वरचा इशारा आला तो त्यानंतर दोन वर्षांनी, त्याच गटाकडून. स्वतःच्या निकालालाच बाध आणणारी गोष्ट स्वतः मांडायची, याला मोठे मन लागते.

२०१८ मध्ये नोएमी जियामिकेले यांच्या गटाने केप्लर यानाने टिपलेल्या हंस समूहातल्या केआयसी ०८६२६०२१ या हेलियमी ताऱ्याचे विश्लेषण ‘नेचर’ मध्ये प्रसिद्ध केले. गाभ्यातला एकजिनसी भाग सूर्याच्या ०.४५ पट, त्यात ऑक्सिजन ८६ टक्के. नेहमीच्या सिद्धांतापेक्षा भाग ४० टक्क्यांनी जड आणि ऑक्सिजन १५ टक्क्यांनी जास्त. आवर्तकाल इतक्या अचूकपणे जुळले होते की आधी कधी जुळले नव्हते. पण फ्रँक टिम्स आणि सहकाऱ्यांनी लगेच दाखवले की अशा तप्त ताऱ्यातून न्यूट्रिनो जी ऊर्जा घेऊन जातात ती धरली तर आवर्तकाल बरेच सरकतात. मूळ गटाने २०१९ मध्ये ती ऊर्जा धरून पुन्हा हिशेब केला आणि आपला निष्कर्ष टिकतो असे सांगितले. दुसऱ्या गटांनी ताऱ्याच्या उत्क्रांतीतून असा गाभा तयार होणेच कठीण असल्याचे दाखवले. मला या वादात दोन्हीकडची माणसे बरोबर वाटतात. आकडे जुळणे ही मोठी गोष्ट आहे, पण तंबोऱ्याच्या तारेवरचा मणी कोणत्या टोकाला आहे, हा प्रश्न आकडे जुळल्याने सुटत नाही.

गोठण्याचा प्रश्नही याच वळणावर अडतो. निवता निवता श्वेत बटूचा गाभा द्रवाचा घन होतो, असे ह्यू व्हॅन हॉर्न यांनी १९६८ मध्ये सांगितले होते. जड ताऱ्यांत हे लवकर होते. नरतुरंग समूहातला, सुमारे ५० प्रकाशवर्षांवरचा बीपीएम ३७०९३ सूर्याच्या १.१ पट जड आहे, आणि तो कंप पावतो हे १९९२ मध्ये कळले. गोठलेल्या भागात गुरुत्व-लहरी शिरत नाहीत, त्याच्या कडेवरून त्या परत फिरतात, म्हणून आवर्तकालांतली अंतरे वाढतात. २००४ मध्ये मेटकाफ, माँटगोमेरी आणि कानान यांनी त्याचा ९० टक्के भाग गोठला असल्याचे मांडले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘आकाशातला हिरा’ म्हणून मथळे दिले. दुसऱ्याच वर्षी ब्रासार आणि फाँतेन यांनी तीच मोजमापे घेऊन ३२ ते ८२ टक्के अशी रुंद मर्यादा काढली. हिरा हे नावही दिशाभूल करणारे आहे. हिऱ्यात अणू रासायनिक बंधांनी बांधलेले असतात, इथे इलेक्ट्रॉनांच्या समुद्रात उघडी केंद्रके रचून बसलेली असतात. शेवटी श्वेत बटू गोठतात याचा खणखणीत पुरावा आला तो कंपनांकडून नव्हे, गाया यानाकडून. ३०० प्रकाशवर्षांच्या आतल्या सुमारे १५,००० श्वेत बटूंची तेजस्विता आणि रंग मांडल्यावर एका जागी त्यांची गर्दी झालेली दिसली. गोठताना सुप्त उष्णता बाहेर पडते, निवणे रेंगाळते, म्हणून तिथे तारे साचतात. पिएर-इमान्युएल त्रांब्ले यांनी २०१९ मध्ये हे दाखवले. एकेका ताऱ्यात किती टक्के, हे सांगायला मात्र अजूनही कंपनेच लागतील, आणि त्यासाठी टेस यान आणि जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणी आता जड तारे शोधत आहेत.

म्हणून जी११७-बी१५एकडे परत येतो. त्याच्या बाबतीत मण्याचा घोळ फार कमी आहे, कारण इथे प्रश्न वेगळा विचारला जातो. आवर्तकाल किती, हे न विचारता तो किती वेगाने बदलतो, हे विचारायचे. तारा निवतो तसा त्याचा आवर्तकाल लांबतो. गाभ्यातले द्रव्य जितके जड, तितका तो भराभर निवतो. एस. ओ. केप्लर ब्राझीलमधून दशकानुदशके या ताऱ्याचा पाठपुरावा करत आले आहेत. २०२१ मध्ये त्यांच्या गटाने छापलेला आकडा असा: ६२ लाख वर्षांत आवर्तकालात एका सेकंदाचा फरक. स्पंदक ताऱ्यांच्या (पल्सारच्या) घड्याळांत मध्येच झटके बसतात, यात तसा एकही बसलेला नाही. हा वेग लोखंडासारख्या जड गाभ्याला नाकारतो आणि कार्बन-ऑक्सिजनच्या गाभ्याशी सुसंगत आहे. आर ५४८चे २१३ सेकंदांचे कंपनही अंजुम मुकादम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मोजले. त्याचाही वेग याच घरातला निघाला.

पण पूर्ण जुळत नाही, आणि तिथे गोष्ट आणखी रंगते. जी११७-बी१५ए सिद्धांतापेक्षा तिप्पट-चौपट वेगाने निवतो आहे असे दिसते. १९९२ मध्येच जोर्दी इसेर्न आणि सहकाऱ्यांनी सुचवले होते की जास्तीची उष्णता अॅक्सिऑन नावाचे अजून कुणी न पाहिलेले कण घेऊन जात असतील. २०१२ मध्ये अलेहान्द्रो कोर्सिको यांच्या गटाने त्यावरून त्या कणाच्या वस्तुमानाचा अंदाजही मांडला. मी अॅक्सिऑनवर पैज लावणार नाही. हे कंपन आवरणातल्या थरात अडकलेले आहे असे धरूनच तो हिशेब होतो, आणि ते गृहीतक ढिले झाले तर तफावत आटते. पण मध्यम दुर्बिणींनी, एका मंद ताऱ्यावर, पिढ्यान्‌पिढ्या घेतलेल्या मोजमापांनी कणभौतिकीच्या दारावर थाप मारावी, ही साधी गोष्ट नाही.

ही दिरंगाई काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या ४५ वर्षांत ती २४ सेकंद झाली. निरीक्षणे अशीच चालू राहिली तर २०४४ मध्ये, पहिल्या मोजमापानंतर ७० वर्षांनी, ती ५८ सेकंदांच्या आसपास भरेल.